आईच्या कोंबड्या महिन्यात नऊ गेल्या. जनावर की माणूस?

उद्यमबागकर
नमस्कार मंडळी. मी बेळगावात उद्यमबागला एका फाउंड्रीत कामाला आहे. घर खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या बाजूला. तिथं आई एकटी असते. परड्यात तिच्या २२ गावठी कोंबड्या होत्या, दोन कोंबडे धरून. आज १३ उरल्यात.

काय काय झालं ते जसंच्या तसं सांगतो. पहिल्या तीन सकाळी खुराड्यातच मेलेल्या सापडल्या, वेगवेगळ्या दिवशी. मुंडकं गायब, बाकी अंगाला धक्का नाही. नंतर दोन भरदुपारी गेल्या, केळीच्या बुडात पिसांचा ढीग मिळाला. आणि परवा चार एकाच रात्री नाहीशा झाल्या. पीस नाही, रक्त नाही, ओरडा नाही. दाराची सुतळी सुटून खाली पडलेली.

खुराडं जुनंच आहे. तीन बाजूंनी चिऱ्याच्या भिंती, वर मंगलोरी कौलं, पुढं लाकडी चौकट आणि तिला ती षटकोनी भोकांची कोंबडी-जाळी. शेजारचे काका म्हणतात मुंगूस. आई म्हणते बिबट्या. आणि तीच आई १५ दिवस झाले रात्री दोनदा उठून बॅटरी घेऊन परड्यात जाते. आमच्याकडचा पाऊस तुम्हाला ठाऊक आहे. ६५ वर्षांची आहे, चिखलात पाय घसरला तर उचलायला कुणी नाही. रविवारी सुट्टी आहे, मी जाणार आहे. वेल्डिंग येतं, हातानं सगळं करीन. पण कुणासाठी काय करायचं ते आधी कळलं पाहिजे.

निपाणीची_अक्का
सुतळी?? अरे बाबा, कोण नेऊलालंय ते मागनं बघ, आधी दाराला कडी लाव. आजच.

चिक्कोडी_उसमळा
आमच्याकडं कोल्हा. ऊस उभा असतो तोवर तो उसात राहतो, उंदीर-घुशी खातो, तुमच्या वाटेला फारसा येत नाही. एकदा कारखाने सुरू झाले आणि तोडी लागली की त्याचा आसरा जातो, मग वस्तीवर येतो. गेल्या तोडीला पहाटे चारच्या सुमाराला माझ्या तीन नेल्या. तो जागेवर खात नाही. अख्खी कोंबडी तोंडात धरून जातो आणि वाटेवर पिसं सांडत जातो. मी त्या पिसांमागनं गेलो तर दोन सरी पलीकडं पंख आणि पाय मिळाले. तुझ्या त्या चारांना पीसच नाही म्हणतोस, मग कोल्हा नव्हे.

जनावरांचा_डॉक्टर
एकाच चोराच्या मागे लागू नका. तुम्ही जे लिहिलंय त्यात मला तीन वेगळे दिसतात.

मुंडकं नाही आणि बाकी कोंबडी शाबूत, हे जाळीतून झालेलं काम आहे. कोंबडी रात्री जाळीला टेकून बसते. बाहेरून उदमांजर किंवा रानमांजर पंजा घालतं, मान ओढून घेतं, अंग भोकातून येत नाही म्हणून तिथंच राहतं. मेलेल्या तिन्ही जाळीजवळ होत्या का, आईंना विचारा. ती षटकोनी जाळी कोंबड्या आत ठेवण्यासाठी असते. जनावर बाहेर ठेवण्यासाठी तिचा उपयोग नाही. कुत्रं ती दातांनी फाडतं.

दुपारच्या दोन. पिसं अजून असतील तर उचलून देठ बघा. देठ चावलेले, तुटलेले, पिसं लाळेनं गुच्छ झालेली असली तर मुंगूस, मांजर किंवा कुत्रं. देठ सबंध आणि पिसं गोल पसरलेली असली तर शिकारी पक्षी; तो एकेक पीस उपटून टाकतो. मुंगूस दिवसाचं जनावर आहे हे लक्षात ठेवा, रात्रीच्या कोंबड्यांचं खापर त्याच्यावर फोडू नका.

आता त्या चार. कुठलंही जनावर एका रात्रीत चार कोंबड्या आवाज न करता, एक पीस न पाडता नेत नाही. आणि गाठ सोडत नाही. कोंबडीला अंधारात दिसत नाही, कुणी अलगद उचललं तर ती ओरडतही नाही. वाईट वाटतं लिहिताना, पण हा माणूस आहे.

खात्री करायची तर वळचणीखाली, पाऊस लागणार नाही अशा जागी, चुलीची राख चाळून पसरा. पाच बोटं उमटली तर उदमांजर किंवा मुंगूस. चार बोटं आणि नखं दिसत नाहीत तर मांजर. चार बोटं नखांसकट तर कुत्रं नाहीतर कोल्हा.

येळ्ळूरची_काकी
डॉक्टरसाहेब, राखेची गोष्ट एकदम खरी. माझी सासू रांगोळी घालायची खुराड्यापुढं. आम्हाला वाटायचं देवासाठी घालते.

कडोली_वेस
आता तो आखाड चाललाय हे विसरू नका. श्रावण लागायच्या आधी सगळ्यांना गावठी कोंबडं पाहिजे असतं. बाजारात पाचशे-सहाशेच्या खाली मिळत नाही. गावची लक्ष्मीची यात्रा आणि ३१ डिसेंबर हेही तसलेच दिवस. या तीन वेळा माझा मुलगा अंगणात खाट टाकतो.

हलशी_रान
उदमांजर म्हणजे आमचं कांडेचोर. माझी बायको हल्याळची, ती त्याला पुनुगु बेक्कु म्हणते. नावं तीन, चोर एकच. आमच्या घरात तो कौलं सरकवून उतरला होता. मंगलोरी कौल नुसतं ठेवलेलं असतं, डोक्यानं ढकललं की सरकतं. जाळी बदलशील आणि कौलं तशीच ठेवशील तर पुढल्या महिन्यात परत इथंच लिहायला येशील.

हिंडलग्याचा_पाटील
बिबट्याचं आईंनी उगीच काढलेलं नाही. २०२२ च्या ऑगस्टमध्ये बेळगाव शहरात, गोल्फ मैदानाजवळ बिबट्या आला तेव्हा आजूबाजूच्या शाळा बंद ठेवल्या होत्या. हत्ती आणून शोधला. खानापुरात तर मागं अख्खं भीमगड अभयारण्य आहे.

जनावरांचा_डॉक्टर
पाटील, मान्य. पण बिबट्या परड्यात येतो तो बहुतेक कुत्र्यासाठी. वाड्यावरचं एखादं कुत्रं गेलंय का ते विचारा. ठसा तळहाताएवढा दिसला तर कुणीही मागे जाऊ नये, वनखात्याच्या १९२६ वर फोन करावा. आईंनी रात्री एकट्यानं बाहेर पडणं बंद करायला हवं, ते बिबट्यासाठी नसलं तरी सापांसाठी. पावसाळ्यात घोणस आणि नाग उंदरांमागं खुराड्याशी येतात. सांडलेलं धान्य, त्यामागं उंदीर, त्यामागं साप. दाणे संध्याकाळी उचलून ठेवा.

रायबाग_माळ
एवढा विचार कशाला. रात्री जाळीला घरातली वायर जोडायची. एकदा झटका बसला की परत येत नाही. नाहीतर एक मेलेली कोंबडी औषध मारून ठेवायची.

चिक्कोडी_उसमळा
रायबाग, हे लिहिलेलं काढून टाका, हात जोडून सांगतो. आमच्या शिवारात एक जण डुकरांसाठी लावलेल्या स्वतःच्याच तारेला चिकटून गेला. पहाटे बायको बघायला गेली. तिचा आवाज मला अजून ऐकू येतो. घरची वायर कुंपणाला जोडणं गुन्हा तर आहेच, पण पावसात ओल्या जमिनीवर परड्यात जाणारी त्याची आईच आहे हो.

वकील_खडेबाजार
चिक्कोडीकरांना पूर्ण पाठिंबा. मुंगूस, उदमांजर, रानमांजर, कोल्हा, सगळ्यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. विष घातलेली कोंबडी घार खाते, कुत्रं खातं, शेजाऱ्याचं वासरू चाटतं. जनावर हाकलायचा हक्क आहे, मारायचा नाही. झटकाच हवा असेल तर सोलरवर चालणारं झटका मशीन मिळतं. त्यात सेकंदाला साधारण एक ठोका जातो, तोही क्षणभराचा, म्हणून माणूस चिकटत नाही. पण १३ कोंबड्यांना एवढा खर्च मी करणार नाही.

चोरीचं सांगतो. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे, चोरीला कलम ३०३. माल पाच हजारांच्या आतला, चोर पहिल्यांदाच सापडलेला आणि त्यानं माल किंवा किंमत परत केली, तर शिक्षा समाजसेवेची आहे. अशी लहान चोरी अदखलपात्र धरतात, त्यामुळे ठाण्यात लगेच धावपळ होईल अशी अपेक्षा ठेवू नका. तरी नोंद करा. आपल्याकडं कन्नडमध्ये अर्ज लिहिता येत नाही म्हणून पुष्कळ बायका ठाण्याची पायरी चढत नाहीत. तोंडी सांगितलं तरी लिहून घेणं हे त्यांचं काम आहे. दुसऱ्यांदा चोरी झाली तर पहिली नोंद उपयोगी पडते.

रायबाग_माळ
वाचलं. वासराचं माझ्या ध्यानात आलं नव्हतं. आमच्यात दोन वासरं आहेत. माझं ते म्हणणं सोडून द्या.

सौंदत्ती_डोंगर
कुत्रा पाळा. मुधोळ हाउंड घ्या, तिमापूरच्या केंद्रातून पिलू मिळतं. आपल्या भागाची शान आहे, सैन्यानंही घेतलेत.

मुधोळवाला
मी स्वतः दोन मुधोळ पाळलेत, म्हणून सांगतो, कोंबड्यांसाठी घेऊ नका. हलणारी वस्तू दिसली की ते पळतं, त्याच्या रक्तातच धावणं आहे. माझ्या कुत्र्यानं पहिल्याच आठवड्यात शेजारणीचा कोंबडा धरला, भरपाई म्हणून मी दोन दिले. गावठी कुत्र्याचं दीड-दोन महिन्यांचं पिलू आणा, कोंबड्यांच्या पिल्लांबरोबर एकाच अंगणात वाढवा. ते कोंबड्यांना घरचं समजतं.

कारवारची_सून
गिनी कोंबड्या ठेवा! अनोळखी माणूस दिसला की असा कल्ला करतात की अख्खी वाडी उठते. माझ्याकडं चार आहेत. पाहुणे आले तरी ओरडतात, नणंदबाई आल्या तर जरा जास्तच.

कडोली_वेस
😀 ताई, गिनी कोंबड्या हुशार दिसतात तुमच्या.

गिरिराज_प्रेमी
गावठीच ठेवा, हे बरं आहे. मी बेंगळुरूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात तयार झालेली गिरिराज जात पाळतो. वजनाला भरते, अंडीही देते, पण जड असते, उडून फांदीवर जात नाही. घार डोक्यावर आली तर गावठी तलंग (तरुण कोंबडी) केळीत घुसते, गिरिराज बघत उभी राहते. मोकळं सोडायचं तर अंगानं हलकी जात हवी. इज्जतनगरच्या संस्थेनं असीलपासून केलेली निर्भीक म्हणून जात आहे, ती तंटेखोर आणि चपळ. आपल्याकडं पिल्लं सहज मिळत नाहीत.

हलशी_रान
घारीचा विषय निघाला म्हणून. पिल्लं मोठी होईपर्यंत, निदान सहा-आठ आठवडे, डालग्याखाली ठेवायची, आणि डालग्यावर दगड. मोकळी सोडायची तर परड्यात दाट झुडूप हवं. तुती लावा, शेवगा लावा, केळीचं बन ठेवा. वरून सुतळ्या ताणून त्यावर चमकणाऱ्या पट्ट्या बांधल्या तर घार आठ दिवस येत नाही, नवव्या दिवशी येते. म्हणून पट्ट्यांची जागा बदलत राहायची. आमच्या रानात मोरघारसुद्धा आहे, ती मोठी कोंबडी उचलते.

येळ्ळूरची_काकी
चोरीचं मी सांगते. दोन वर्षांमागं आखाडातच माझ्या १४ गेल्या. पोती घेऊन आले असणार. कुत्रं भुंकलं नाही, म्हणजे ओळखीचं कोणतरी. मला कोंबड्या गेल्याचं दुःख होतंच, पण त्याहून जास्त हे लागलं की गल्लीत कोण कोण आपल्याकडं बघून हसतंय त्यातला कोण ते कळेना. चार महिने मी कुणाच्या घरी हळदी-कुंकवाला गेले नाही.

आता मी काय करते ते सांगते. प्रत्येक कोंबडीच्या पायात रंगीत प्लास्टिकचं कडं. डाव्या पायात लाल, तेच घराचं निशाण. कडं कापून टाकतील म्हणून आतल्या नखाची एक बारीक खूण वेगळी, ती कोणती ते फक्त मला आणि सुनेला ठाऊक. पिल्लू निघालं की फोनवर फोटो. दिवेलागणीला दार लावताना मोजायचं, मोठ्यानं. एक, दोन, तीन. आवाज गल्लीत जातो. माझ्या कोंबड्या मोजलेल्या आहेत हे सगळ्यांना कळू दे. तेव्हापासून एकही गेली नाही.

उद्यमबागकर
सगळ्यांचे आभार. रविवारी गेलो होतो. डॉक्टरसाहेब, तिन्ही जाळीजवळच होत्या, आईला चांगलं आठवत होतं. बसायची काठी जाळीला लागूनच बांधलेली होती, ती मीच लहानपणी बांधलेली. केळीतली पिसं ओली झाली होती पण देठ चावलेले होते, आणि तिथंच बांधाला बीळ आहे. काकांचं मुंगूस खरं होतं.

शनिवारी रात्रीच पोचलो होतो, तेव्हा राख पसरली. पहाटे पाच बोटांचे ठसे, कौलांच्या बाजूनं भिंतीवर चढलेले. हलशीवाले, तुमचं कांडेचोर.

आता बांधायचं कसं ते सांगा. पत्र्यानं सगळं बंद करू का?

कडोली_वेस
पत्रा. सरळ पत्र्याची पेटी. कुणी हात घालायचा प्रश्नच नाही.

जनावरांचा_डॉक्टर
पेटी नको. विष्ठेचा वाफारा आत कोंडतो, डोळे आणि श्वास बिघडतो. उन्हाळ्यात पत्र्याखाली कोंबड्या धापा टाकून मरतात, आणि मग लोक मानमोडी (राणीखेत रोग) आली म्हणतात. तसंच मानमोडीची लस राहिली असेल तर तीही या गडबडीत विसरू नका. लासोटा पहिल्या आठवड्यात, पुढची साधारण दोन-अडीच महिन्यांना. जनावरांपेक्षा त्या रोगानं जास्त कोंबड्या जातात.

शहापूर_वेल्डर
मी सांगतो, माझा धंदाच तो. खाली दीड-दोन हात दगडी भिंत आहे ती ठेव. पुढं अर्ध्या इंची वेल्डमेश, खिळ्यांनी नको, पट्टी आणि बोल्ट लाव. कुत्रं पंजा मारतं तेव्हा खिळा उपटतो. कौलांच्या आत हीच जाळी ताण, म्हणजे कौल सरकलं तरी आत उतरता येणार नाही, आणि वळचणीच्या फटीतून हवा खेळत राहील.

जांबोटीकडं जमीन जांभ्याची, खोदत बसू नकोस. दोन फूट रुंदीची जाळीची पट्टी भिंतीला लागून बाहेर जमिनीवर आडवी पसर, वर चिरे टाक. पावसात गवत चढलं की ती जमिनीला चिकटते. जनावर भिंतीपाशीच उकरायला जातं, पायाखाली जाळी लागते, परत फिरतं. दोन फूट मागं जाऊन उकरायची अक्कल त्याला नसते.

दार आतल्या बाजूला टेकेल असं बसव, बिजागऱ्यांचे स्क्रू बाहेरून दिसायला नकोत. कडी, कोयंडा, पितळी कुलूप. लोखंडी कुलूप तुमच्या पावसात दोन महिन्यांत गंज धरतं. बसायची काठी जाळीपासून दीड फूट आत.

निपाणीची_अक्का
आणि किल्ली आईच्या कमरेला. दाराशेजारी खिळ्याला अडकवू नको!

वकील_खडेबाजार
दाराला चुंबकाची घंटी मिळते, दार उघडलं की वाजते. घंटी आईंच्या खाटेजवळ ठेवली तर रात्री उठून बघायला जायचं कारण उरत नाही.

सौंदत्ती_डोंगर
मूळ प्रश्न राहिलाच की. त्या चार कोण घेऊन गेलं?

उद्यमबागकर
तीन आठवड्यांनी लिहितोय, माफ करा. फाउंड्रीत ओव्हरटाइम होता.

शहापूरवाल्यांनी सांगितलं तसंच बांधलं, दोन रविवार लागले. जाळीची पट्टी पसरायला काका स्वतः आले. दुसऱ्याच रात्री राखेत ठसे होते, भिंतीवर चढून परत उतरलेले. आत सगळ्या १३ सुखरूप. मुंगसासाठी केळीच्या बुडातलं गवत काढलं, बिळाकडच्या बाजूला जुन्या कोंबडी-जाळीचं कुंपण केलं, आणि दुपारी आई तिथंच सावलीला भात निवडत बसते. ते अजून दिसतं, पण लांबूनच.

चोराचं. काकींचा उपाय आईला फार आवडला. लाल कडी आणून दिली, ती संध्याकाळी मोठ्यानं मोजते. मी तिला विचारलं, तुला कुणावर संशय आहे का. ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, आहे, पण नाव घेणार नाही, त्याची आईसुद्धा माझ्यासारखी एकटीच आहे. मी पोलिसात जाऊया म्हणालो, ती नको म्हणाली. वकीलसाहेब, मी नोंद केलेली नाही, तिचा शब्द मोडवला नाही.

गेल्या गुरुवारी सकाळी तिचा फोन आला. चारांतली एक, ती बोडक्या मानेची, दारात उभी होती. पायात सुतळीचा तुकडा तसाच. आता १४ आहेत.

येळ्ळूरची_काकी
ती बोडकी परत आलेली वाचून मला रडू आलं. आईंना सांगा, सुतळी कापून टाका आणि लाल कडं घाला. आणि एकदा येळ्ळूरला घेऊन या त्यांना.

कारवारची_सून
अर्ध्या इंची जाळी कुठल्या गेजची घेतली? आमच्याकडं समुद्राची हवा, सगळं गंजतं.

शहापूर_वेल्डर
ताई, तुम्ही जाळी आधी वेल्ड करून मग जस्ताचा मुलामा दिलेली मागा. आधी मुलामा आणि मग वेल्ड केलेली असते तिचे सांधे पहिल्या पावसात गंजतात. दुकानदाराला सांध्यावर बोट फिरवून विचारा, त्याला कळतं.